जुम्म्याची फायनल, रविवारची मोटार

प्रिय बसू,

सवयीनं 'चिरंजीव' लिहायला गेलो आणि हात अडला. तू कॉलेजात होतास तेव्हा दर पत्र त्याच शब्दानं सुरू करायचो. आता तो तुझ्या नावामागं कसा लावू रे? म्हणून नुसतं प्रिय.

आज रविवार. निजामाचं राज्य गेलं तशी जुम्म्याची सुट्टीही गेली, आता आपल्याकडंही कचेऱ्या रविवारी बंद असतात. त्यामुळं तुमच्या मॅचेसही हलल्या. पूर्वी फायनल शुक्रवारी असायची, आता रविवारी असते. म्हणजे या घटकेला तिकडं हैदराबादेत फायनल चालू असेल. तुझं कॉलेज यंदाही जोरात आहे म्हणे.

सकाळी दगडू सुतार दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. हल्ली माझ्यासमोर कुणी फुटबॉलचं नाव काढत नाही, पण याला दम कुठला! म्हणाला, "मामा, लई वर्सं झाली. आज सांगा की, कोन जिंकनार? तुमचं भाकीत कदी चुकलं न्हाय." मी म्हणालो, "ऊठ, दुकान बंद करतोय." भर सकाळी बेंबळीच्या बाजारात मल्लप्पाचं दुकान बंद! गाव काय म्हणायचं ते म्हणो. दाराला आतून कडी लावली आणि तुला लिहायला बसलो.

भाकीत चुकलं नाही, हेच तर दुखणं आहे, बसू.

तुला आठवतं का, मी फुटबॉलला किती शिव्या घालायचो? पहिल्या सुट्टीत तू तो चेंडू घेऊन घरी आलास तेव्हा मी म्हणालो होतो, दाण्याच्या पोत्यांवर वाढलेलं लेकरू आणि चामड्याच्या गोळ्यामागं पळतंय! बावीस शहाणी माणसं, त्यात चेंडू एक, मग एकेकाला एकेक घेऊन द्या म्हणावं, भांडण तरी मिटेल. तू पोट धरून हसलास. अक्कानं, तुझ्या आईनं, तर तुला चुलीजवळ येऊ दिलं नाही. "चामडं शिवून आलास न्हवं? आदी आंगोळ कर," म्हणाली. तू सुट्टीभर दिवसाला तीनतीनदा आंघोळ केलीस, पण चेंडू सोडला नाहीस.

आणि मग मला कधी नाद लागला ते माझं मलाच कळलं नाही. शाळेत सक्तीनं शिकलेली उर्दू जन्मात एकदाच कामी आली ती तुझ्या मॅचेसचे निकाल वाचायला. हैदराबादचं वर्तमानपत्र रात्रभर रेल्वेनं आणि मग मोटारीनं यायचं, म्हणजे शुक्रवारचा निकाल आम्हाला रविवारी दुपारी. मी पोत्यावर उभा राहून वाचायचो, एकेक ओळ मराठीत सांगायचो, आणि ज्यांनी उभ्या जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता ते लोक "वा रे वा" करायचे.

बुधवारी संध्याकाळी भाकितं. तुला पत्रातून लिहिलं होतं, पण डोळ्यांनी ते तू कधी पाहिलं नाहीस. गल्ल्यापुढच्या फळीवर मी मैदान मांडायचो. समोरच्या टीमला हरभरे, आपल्या टीमला शेंगदाणे, आणि तुला गुळाचा खडा. तू लेफ्ट-आऊटला खेळायचास, म्हणून खडा डाव्या कडेनं सरकवत न्यायचो. एकदा मांडामांड होईतो खड्याला मुंग्या लागल्या. दगडू म्हणाला, "मामा, तुमच्या भाच्याला बगा, साऱ्यांनी घेरलाय." मी रागानं मुंग्यांसकट खडा गोलात टाकला. त्या आठवड्यात तू खरोखरच गोल मारलास! तेव्हापासून गावाचा माझ्यावर विश्वास बसला. तुझा मामा होतो, तो अख्ख्या बेंबळीचा मामा झालो.

त्या फायनलच्या आधीच्या बुधवारी दगडूनं खडा अडवून धरला होता. "पोलिसांच्या कॉलेजची पोरं लई दांडगी हायती म्हनं," असं काहीतरी त्यानं कुठूनतरी ऐकलं होतं. पोलिसांचं कसलं आलंय कॉलेज! मी म्हणालो, "लिहून घे, दोन एक. आणि दुसरा गोल आपल्या बसूचा, अगदी शेवटाला." सगळ्यांसमोर म्हणालो. माझ्या जिभेला त्या दिवशी काय झालं होतं कुणास ठाऊक.

आता तो रविवार सांगतो. इतकी वर्षं मनातल्या मनात सांगत आलोय, आज लिहितोच.

दुपारची मोटार आली. क्लीनरनं वर्तमानपत्र फेकलं. मी पोत्यावर चढलो. दोन विरुद्ध एक! कॉलेज जिंकलं, आणि दुसरा गोल बसवराजनं अगदी शेवटच्या मिनिटांत केला. तुझं नाव मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा दगडूनं वाचायला लावलं. लोकांनी आरडाओरडा केला. मी गुळाची ढेप फोडली, येईल त्याच्या हातावर खडा ठेवला. अक्का माजघराच्या दारात उभी होती, पदर तोंडाला लावून हसत होती. तिला म्हणालो, "अक्का, तुझ्या लेकानं हैदराबाद गाजवलं."

त्याच मोटारीतून करीम उतरला होता. तुझा करीम, धाराशिवचा, तुझ्या खोलीतला. गर्दीमुळं तो आधी दिसलाच नाही. शेरवानी चुरगळलेली, डोळे सुजलेले. मी हसून हाक मारली, "ये रे, ये! आमचा वाघ कुठं राहिला?" आणि त्याच्या हातात गुळाचा खडा ठेवायला गेलो. त्यानं मूठ उघडली. मुठीत तुझ्या गळ्यातली, लिंगाची चांदीची डबी होती.

बसू, तुझा आज्जा गेला तेव्हा तू सात-आठ वर्षांचा असशील. त्याला समाधीत बसवलं, आपल्या गुरूंनी, जंगम अय्यांनी, त्याच्या डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवलं, तेव्हा तू माझा सदरा ओढून विचारलं होतंस, "मामा, आज्जाच्या हातात काय ठेवलं?" मी म्हणालो होतो, "त्याचं त्याला दिलं." जन्मल्यावर गळ्यात बांधलेलं लिंग जिवात जीव असेतो अंगावेगळं करायचं नाही आणि गेल्यावर संगतीनंच जायचं, हे तुला तेव्हाच कळलं होतं. मग एकाचं लिंग दुसऱ्याच्या हातात दिसलं की आपल्या घरात विचारायचं काय राहतं?

करीमनं तोंड उघडायच्या आधी अक्का खाली बसली होती.

तो रडत रडत सांगत होता. "मामू, मॅच के पैले रेफ्री बोल्या, चांदी की डबी नै चलती, निकालो. बसू मेरे हाथ में दिया. बोल्या, करीम, ये अमानत है, मेरे सिवा नैतो अम्मा के सिवा किसी के हाथ में नक्को देना." तू त्याआधी कायम डबी कापडात गुंडाळून कमरेला आवळून खेळायचास. त्याच दिवशी काढलीस. पुढं तुझ्या पोटात कुणाचातरी गुडघा बसला. तू उठलास, गोल मारलास, आणि मग दवाखान्यात संध्याकाळपर्यंत आतल्या आत संपत गेलास. वर्तमानपत्र छापणाऱ्याला गोल कळला, पुढचं कळलं नाही. तार धाराशिवला येऊन पडली होती म्हणे, बेंबळीला पोचायला तिला सोमवार उजाडला.

उन्हाळ्याचे दिवस, थांबण्यासारखं नव्हतं. बोर्डिंगातल्या आपल्या पोरांनी शनिवारी सकाळीच तुझी समाधी केली. तिथल्या जंगमांनी विचारलं, याचं लिंग कुठाय? पोरांनी ट्रंक उलटीपालटी केली. आणि करीम तिथंच होता, बसू! वीस हातांवर झाडाखाली उभा. आपल्या विधीत आपण कसं शिरावं म्हणून लांब राहिला. डबी त्याच्या आतल्या खिशात. कुणाच्या हातात द्यायची नाही असं तू बजावलं होतंस, आणि आईला पोचवायची होती. शेवटी जंगमांनी दुसरंच एक लिंग तुझ्या हातावर ठेवलं. आणि तो इमानी पोरगा तुझं लिंग छातीशी धरून रात्रभर रेल्वेत बसून आला.

कुणाला बोल लावू? रेफ्रीला? तो त्याच्या नियमानं वागला. करीमला? सख्ख्या भावानं पाळला नसता असा शब्द त्यानं पाळला. राहता राहिलास तू. एवढं बजावलंस कशाला रे? "सांभाळ" एवढंच म्हणाला असतास तर त्यानं झाडाखालून हाक मारून दिली असती. तुझं तुला मिळालं असतं.

आपण त्याला चूक कळू दिली नाही, हे तुला सांगतो. मी बोलायला गेलो होतो. अक्कानं माझा हात दाबला. करीमला म्हणाली, "लेकरा, तू आनून दिलंस, लई केलंस. आता दोन घास खा." त्या दिवशी तिनं त्याला चुलीजवळ बसवून वाढलं. आंघोळ कर म्हणाली नाही.

आठवड्यानं आम्ही दोघं हैदराबादला आलो. करीमनं जागा दाखवली. उशाला आणि पायथ्याला त्यानं त्यांच्या रीतीनं दोन दगड लावले होते. मी अक्काला म्हणालो, "डबी दे, इथं वरच्या मातीत ठेवू, अय्यांना विचारलंय मी." तिनं मूठ आवळली. "न्हाय देनार. हे बी मातीत घातलं तर माज्याजवळ काय ऱ्हातंय?" तुझा बाप गेला तेव्हा तू पाळण्यात होतास, तेव्हापासून ती तुझ्यासाठी जगत होती. डबी घेऊन परत आलो. तिनं रोज सकाळी आपल्या लिंगाबरोबर तुझ्याही लिंगाला विभूती लावली, बेल वाहिला. मी वर्तमानपत्र बंद केलं. बुधवारी फळीवर नुसतं दाणे मोजायचं माप पडून असायचं.

अक्का मागच्या पावसाळ्यात गेली. तुला तिकडं भेटली असेल का? मला आता कशाचीच खात्री वाटत नाही, नाहीतर भेटली असेलच असं लिहिलं असतं. जाताना तिनं डबी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "म्या आईपनात चुकले रं मल्ल्या. बसूचं बसूला दे." आज्जाच्या वेळी मी तुला जे म्हणालो होतो, अगदी तेच.

शेवटी गेल्या महिन्यात डबी घेऊन एकटाच निघालो. निजाम गेला त्या वेळच्या धामधुमीनं सगळं उलटंपालटं झालंय. तुमच्या बोर्डिंगात आता कुणी भलतेच लोक राहतात. जिथं तुला ठेवलं ते मैदान सपाट केलंय, निम्म्यात भिंत घातलीय, आणि दगड म्हणशील तर जिकडंतिकडं दगडच. कुठले दोन दगड करीमचे? जागा ओळखणारा तोच एक. त्याच्या घरी धाराशिवला गेलो तर दाराला कुलूप. शेजारचा म्हणाला, कराचीला गेले. दुसरा म्हणाला, नाही, गुलबर्ग्याकडं. तिसऱ्यानं नुसती मान हलवली. तो जिवंत तरी आहे का, बसू? त्या पोराचं काही वाईट झालं असेल तर तेही मला सोसायचं नाही.

मी दुपारभर त्या मैदानात फिरलो. हाक मारली तुला, मोठ्यानं. येणारे-जाणारे बघत होते. शेवटी डबी होती तशी सदऱ्यात घालून घरी आलो. तुझं लग्न ठरवायला जावं आणि मुलीकडचं घरच सापडू नये, तसा परतलो.

आपल्यात माणूस गेला की लिंगैक्य झाला म्हणतात. लोक तुझ्याबद्दलही तसंच म्हणतात. मी मात्र कधी म्हणू शकलो नाही. रोज सकाळी तुझं लिंग माझ्या तळहातावर असतं, मग कसं म्हणू? पूजा करताना मंत्र विसरतो. तुझ्या गळ्यात अय्यांनी ते बांधलं तेव्हा तू माझ्याच मांडीवर होतास, आणि इवल्या पायांनी माझ्या पोटावर लाथा मारत होतास. अक्का म्हणाली होती, "लई पाय झाडतंय." तेवढंच आठवत राहतं.

मंगळवारी निकाल येईल. दगडू मोटारीची वाट बघेल. येऊ दे. जिंकले तरी मला काय आणि हरले तरी काय! पण तुझ्या कॉलेजात आज कुणी डाव्या कडेनं पळत असेल, त्यानं पोटाला लागल्यावर बाहेर बसावं, एवढंच मनापासून वाटतं. गोल गेला चुलीत.

आता वचन देतो आणि थांबतो. परवा जंगम अय्यांना आणि माझ्या पोराला, राचप्पाला, समोर बसवून सांगितलं. मी गेलो की मला बसवा, डाव्या तळहातावर माझं लिंग ठेवा आणि उजव्या तळहातावर बसूचं. अय्या म्हणाले, "मल्लप्पा, असं कुटं असतंय व्हय? शास्त्रात न्हाय." मी म्हणालो, "मामाच्या आधी भाचा जातो, हे तरी कुठल्या शास्त्रात आहे?" अय्या उठले. जाताना म्हणाले, "ठेवतो."

तर बसू, तुझी जागा मला सापडली नाही. आता तूच मला शोध. मी उजवी मूठ मिटून बसलेला असेन. तू येऊन मागेस्तोवर ती कुणापुढंही उघडणार नाही.

तुझा,
मल्लप्पामामा
बेंबळी