फीडिंग रूमचं कार्ड

३ जून
आजपासून रोज लिहायचं. माणसं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला शिस्त हवी.

धाकटी बहीण केबिनमध्ये आली. ती पॅकिंगला, कंत्राटदाराकडून. मीच चिकटवलं. ऑफिसात मला साहेब म्हणते, तेही मीच शिकवलं. पाचवा महिना लागलाय म्हणाली. अकाउंट्सच्या मॅडमना सहा महिने पगारी रजा, आम्हाला दीड महिना बिनपगारी, तोही लांबला तर जागेवर दुसरी बाई. असं का, विचारत होती. मी समजावलं, त्या कंपनीच्या, तुम्ही कंत्राटदाराच्या. ती म्हणाली, पोट तेवढंच येतं. सोमवारी मीटिंगमध्ये विषय काढणारच.

१० जून
काढला नाही. मोठ्या साहेबांचा मूड बरा नव्हता.

२४ जून
जवळजवळ काढला. घसा खाकरला. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. प्यायलो.

८ जुलै
भन्नाट आयडिया. रजा मागितली की साहेब भडकणार, त्यापेक्षा फीडिंग रूम मागायची, बाळंतिणींना दूध काढून ठेवायला. जुन्या स्टोअरमध्ये पडदे, फ्रिज, आरामखुर्ची. साहेब लगेच हो म्हणाले. आईला सांगितलं तर म्हणते, मग तिच्या रजेचं काय? आईला पॉलिसी कळत नाही.

२ सप्टेंबर
उद्घाटन. माझं भाषण छान झालं. फीत अकाउंट्सच्या मॅडमनी कापली, त्या उद्यापासून रजेवर. खुर्च्या धाकटीने लावल्या. बस म्हणणार होतो, पण चारचौघांत बरं दिसलं नसतं. दार कार्डाने उघडतं. कंत्राटी बायकांची कार्डं तूर्त चालत नाहीत. पुढच्या टप्प्यात बघू.

१६ ऑक्टोबर
मामा झालो. मुलगी. नाक माझ्यावर गेलंय.

१८ नोव्हेंबर
फीडिंग रूम ओस पडलीय. ज्यांचं कार्ड चालतं त्या सहा महिने घरी. मग धूळ नको बसायला म्हणून जेवणानंतर मीच जाऊन बसतो. खुर्ची झकास आहे.

२ डिसेंबर
धाकटी कामावर आली. बाळ आईपाशी. दूध काढायला जागाच नाही, टॉयलेटमध्ये काढून बेसिनमध्ये ओतावं लागतं, म्हणाली. खरंच वाईट वाटलं. उद्या जेवणानंतर माझ्या कार्डाने दार उघडून देतो, असा शब्द दिला. नियमात बसत नाही, पण सख्खी बहीण आहे.

३ डिसेंबर
तिच्या आधी जाऊन जरा टेकलो. डोळा लागला. टकटक झाली, दादा म्हणून हाक आली. ऑफिसात पहिल्यांदाच. उठणार तोच मोठ्या साहेबांचा आवाज, सोबत पाहुणे. खोली बाळंतिणींची आणि आत मी, तोंडावर झोप. गप्प बसून राहिलो. नंतर उघडलं तर बाहेर कोणी नव्हतं. उद्या नक्की.

४ डिसेंबर
धाकटी आली नाही.

६ डिसेंबर
साहेबांनी पाठ थोपटली. खोलीचा उपयोग होतोय, त्या दिवशी पाहुणे आले तेव्हा आत एक बाळंतीण निजली होती म्हणे. कोण ते कळेना. थँक यू म्हणालो.

संध्याकाळी धाकटीकडे गेलो. दूध साकळून ताप चढलाय. कंत्राटदाराने तिच्या जागी दुसरी बाई घेतली. आई बाळाला बाटली देत होती, ते तोंड फिरवत होतं. मी म्हटलं, त्या दिवशी अचानक मीटिंग निघाली. धाकटी म्हणाली, दादा, तुझं घोरणं दाराबाहेर ऐकू येत होतं. साहेबांनी आत कोण म्हणून विचारलं, तर मीच सांगितलं, बाळंतीण निजलीय, हळू बोला.

लाज वाटली. आईने वर पाहिलंसुद्धा नाही.

उद्यापासून लिहिणं बंद.