तक्रारीचा रकाना

१२ जानेवारी १९७१, तिसगाव

बाळाची बेंबी पुसली, त्याला कलाबाईच्या कुशीत ठेवलं – तर तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. बाळंतपणाला दहा दिवस झाले. नर्स म्हणून माझी तिसरी भेट, नियमाप्रमाणे शेवटची. ताप नाही, दूध आहे. छापील फॉर्मचा शेवटचा रकाना – तक्रार. विचारलं. दारात सासू, झुंबरबाई. कलाबाईनं तिकडे पाहिलं. ‘न्हाई.’ तसंच लिहिलं.

निघताना झुंबरबाई म्हणाल्या, ही लेकराला घेतच नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं त्याला कोल्हारला पोचवणार. तिथं हिची नणंदही ओली बाळंतीण आहे, ती पाजेल.

१३ जानेवारी

रतनबाई सुईण चहाला आली. फॉर्म दाखवला तर हसत सुटली. ‘बाई, तक्रार पाटलाकडं करत्यात. सासूम्होरं कोन करंल?’

चार वर्षं हा प्रश्न विचारते आहे. चार वर्षं ‘नाही’ लिहिते आहे!

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ द्यायच्या निमित्तानं गेले. झुंबरबाई शेतात होत्या. एवढंच विचारलं – झोप लागते का?

कलाबाई खूप रडली. मग म्हणाली, ‘लेकरू झोपतं, मी जागीच. ते माझं हाय असं वाटतच न्हाई.’

लिहून घेतलं नाही. बसून राहिले.

१६ जानेवारी

आरोग्य केंद्रात मासिक बैठक. धीर करून बोलले. डॉक्टर म्हणाले, मनाचा रकाना वरूनच येत नाही. मग स्वतःच फॉर्मवरचं ‘तक्रार’ खोडलं. लिहिलं – झोप लागते का? बाळाला घेते का? आमच्या केंद्रापुरत्या भेटी चाळीस दिवसांपर्यंत. जिल्ह्यालाही पत्र जाणार. फार बरं वाटलं.

परतताना कलाबाईकडे. झुंबरबाईंना सांगितलं – हा आजार आहे, बरा होतो. सोमवारी डॉक्टर घरी येतील. तिला एकटी सोडू नका, बाळ तिच्यापासून तोडू नका. त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘रंगनाथच्या वक्ताला मी जीव द्यायला हिरीपतुर गेल्ते. आमाला कुनी इचारलं?’

रंगनाथ त्यांचा मुलगा. कलाबाईचा नवरा.

१७ जानेवारी

रविवार. सकाळी स्टँडवर गेले. कोल्हारची गाडी सुटेपर्यंत थांबले. झुंबरबाई आल्या नाहीत.

त्यांच्या घरी गेले. बाळ त्यांच्या मांडीवर. कलाबाई झोपली होती.