वर्दीतला पतंग

ती. अण्णांना शिवांजलीचा दिल्ली कॅन्टोन्मेंटहून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत, पण आज माझं डोकं फिरलंय. दारातल्या कण्हेरीवर मोठा पतंग बसला होता, अगदी फौजी वर्दीसारखा हिरव्या छटांचा. राधाने शाळेच्या वहीत त्याचं चित्र काढून खाली ‘मॉथ’ लिहिलं. मॅडमनी ते खोडून ‘बटरफ्लाय’ केलं! म्हणे, “मॉथ इतने सुंदर नहीं होते।” अहो, जाडजूड अंग, मिशांच्या टोकाला फुलपाखरासारखी गाठ नाही, हे दिसत नाही? देखणा निघाला म्हणून कूळच बदलायचं? उद्या शाळेत जाऊन भांडणार आहे.

आईचा गुडघा कसा आहे?

ह्यांचा सीमेवरून अजून फोन नाही. तिकडे रेंज नसते, काळजी नको.

पतंग आता पानांत दिसेनासा झालाय. राधा मला शोधू देत नाही. म्हणते, “आपल्याला दिसला तर कावळ्यालाही दिसेल.”

तुमची,
शिवांजली