पृथ्वी वजा करायची की मिळवायची?

ती. भाऊजींना धाकट्या भावजयीचा लांबूनच वाकून नमस्कार. (जवळून वाकले असते तर तुम्हालाच हात देऊन उठवावं लागलं असतं. कंबर गेलीय.) तुमचा खोकला कसा आहे? औषध घेता की नुसती बाटली उशाशी ठेवून बरं वाटायची वाट बघता? जाऊबाईंचा गुडघा काय म्हणतो? आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पण तसं काही नाही. तुमचे धाकटे बंधू खुशाल आहेत, ते कायमच असतात. मी मात्र अशा घोळात सापडलेय की परवा डब्यात भाजी न भरता नुसतं झाकण लावून कामावर गेले. माझं शिक्षण तुम्हाला ठाऊकच आहे. चौथीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, कारण बाई एकच गणित पुन्हा पुन्हा विचारायच्या आणि मला तेवढा वेळ नव्हता. तेव्हा कुठे वेलांटी चुकली तर लाल शाई काढून बसू नका, पुढे वाचा.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर तुम्ही पत्र अर्ध्यात घडी करून जाऊबाईंना विचाराल. (आमच्या धाकटीच्या लग्नात तुम्ही मांडवभर सांगत होता की मी विमानं बनवते. विमान नाही हो! माझ्या खोलीत विमानाचं चाकसुद्धा मावणार नाही.) विमान आकाशात गेलं की ते आपलं आपण सरळ चालावं म्हणून त्याच्यात एक यंत्र असतं. मग पुढे बसलेले ते दोघे काय करतात हे मी विचारलं, तर म्हणाले, तुम्ही स्क्रू लावा. तर त्या यंत्राला आपण सरळ आहोत की कलंडलो, वळलो की नाही, हे कळावं म्हणून आत लिंबाएवढं एक चाक भन्नाट फिरत असतं. त्याला जायरो म्हणतात. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो ना, तसंच. हे चाक त्याच्या चौकटीत बसवायचं, चिमट्यानं स्क्रू लावायचे, मुंगीलाही पुरणार नाही एवढा तेलाचा थेंब सोडायचा, ही माझी जोडणी. खोलीत धूळ चालत नाही. पावडर नाही, बांगडी नाही, डोक्यावर टोपी, तोंडाला फडकं, शिंक आली तर दाराबाहेर पळायचं. आणि ते चाक म्हणजे अस्सल हट्टी. इकडून ढकललं तर समोर जात नाही, आडवंच तिसरीकडे वळतं. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, या तर आमच्या सासूबाई. (राग मानू नका, तुमच्या आई होत्या. पण त्यांना डावीकडून विनवलं की त्या ना डावीकडे ना उजवीकडे, थेट माळ्यावर जायच्या.) तरीपण खरं सांगू, ते चाक चालू होऊन गुणगुणायला लागलं आणि चौकट कशीही हलवली तरी जागचं हललं नाही की मला बरं वाटतं. घरात तसं कोणी नाही.

आता घोळाकडे येते. वरून हुकूम आला की जोडणीत सुधारणा करायची. त्यासाठी एक साहेब आले. वयानं माझ्या भाच्याएवढे, पण त्यांना एक खोड. कशालाही ‘का?’ विचारतात. उत्तर दिलं की त्या उत्तरालाही ‘का?’. आम्ही त्यांना का-साहेबच म्हणतो. मला विचारलं, चिमटा उजव्याच हातात का? म्हटलं, डावा कपाळावर मारायला मोकळा लागतो. ते त्यांनी लिहून घेतलं! मग म्हणाले, प्रत्येकीनं एक सुधारणा सुचवायचीच, आणि नियम असा की जिची सूचना तिनंच ती वरच्या साहेबांना समजावून सांगायची. समजावता आली नाही तर सूचना बाद. बाकीच्या बायका हुशार. कोणी म्हणालं खुर्चीला उशी द्या, कोणी म्हणालं घड्याळ मोठं लावा. त्यात समजावण्यासारखं काय आहे? मीच मेली खरं बोलले. म्हटलं, खिडकी आमच्या पाठीशी आहे, माझ्याच डोक्याची सावली माझ्याच चिमट्यावर पडते, इतकी वर्षं मी स्वतःच्या अंधारात स्क्रू लावतेय. टेबलं फिरवा म्हणजे उजेड तरी समोरून येईल. का-साहेबांनी ‘का?’ न विचारता मान हलवली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

टेबलं फिरली. उजेड असा पडला की एक स्क्रू दोनदा शोधावा लागला नाही. माझा फोटो दाराशी लागला. (टोपी आणि फडक्यात आहे, मीच आहे हे तुम्हाला जाऊबाई सांगतील.) आता आमच्या खोलीच्या टोकाला तपासणीचा एक लोखंडी स्टँड आहे. जोडलेला जायरो त्याच्यावर ठेवतात, आणि काही न हलवता तो हलल्याचं दाखवतो का ते बघतात. टेबलं फिरवणाऱ्या गड्यांनी जाताजाता मला विचारलं, बाई, याचं काय करायचं? मी बघितलं तर सगळ्या टेबलांची तोंडं खिडकीकडे आणि हा एकटाच पाहुण्यांवर रुसलेल्या जावयासारखा पाठ करून उभा. म्हटलं, फिरवा त्यालाही, बरं दिसेल. त्यांनी त्याचं तोंड खिडकीकडे केलं आणि खाली सिमेंट ओतून पक्का केला. बरं दिसलंच.

आणि दुसऱ्या दिवसापासून एक जायरो पास होईना! माझा नाही, शेजारणीचा नाही, कोणाचाच नाही. आमचे तपासनीस काका, ज्यांनी उभ्या जन्मात वर बघून कोणाशी बोललेलं मला आठवत नाही, ते नापास जायरोचा एकेक डबा परत आणून माझ्याच टेबलावर ठेवायला लागले. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या खोलीच्या मुख्य, त्यांनी चौकशी मांडली. तेल बदललं. चिमटे बदलले. माझ्या टोपीतून केस पडतो म्हणून मला दोन टोप्या घातल्या. एक म्हणाली उजेड जास्त झाला म्हणून चाकं तापतात. मी म्हटलं तुझं डोकं तापलंय. बाईंनी शेवटी सगळ्यांसमोर सांगितलं की हे तुमच्या सुधारणेपासून सुरू झालंय. वरचे साहेब येतील तोवर निस्तरलं नाही तर टेबलं जुन्या जागी जातील आणि तुम्ही पॅकिंगला जाल. भाऊजी, पॅकिंग म्हणजे काय ते सांगते. तळघर, पुठ्ठे आणि चिकटपट्टी. मला पॅकिंगला घातलं तर मी पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनाच खोक्यात घालून वर ‘नाजूक माल’ लिहीन, आणि तेही खोटं ठरेल.

शेवटी का-साहेब स्टँडसमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, हा आधी कुठे तोंड करून होता? सगळ्या छताकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, भिंतीकडे होता, मी फिरवायला लावला, का? (‘का’ त्यांनीच विचारायचा असं कुठे लिहिलंय?) त्यांनी कपाळाला हात लावला, उजवा. मग त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, मला समजलंय असं समजू नका. ते म्हणाले, बाई, जायरो जागचा हलत नाही हे खरं, पण पृथ्वी फिरते ना. म्हणजे स्टँड फिरतो, खोली फिरते, तुम्ही फिरता. म्हटलं, मी कामाच्या वेळेत कुठेही फिरत नाही, मोठ्या बाईंना विचारा. ते म्हणाले, तसं नाही, सगळेच फिरतो, आणि ते फिरणं जायरोला कळतं. म्हणून तो नुसता ठेवला तरी थोडंसं हलल्याचं दाखवतो. तो दोष जोडणीचा नाही, तो पृथ्वीचा वाटा. तेवढा आकड्यातून वजा केला की उरेल ती आपली चूक.

मला आधी हेच पचेना. इतकी वर्षं माझ्या टेबलावरच्या मालातून कोणीतरी पृथ्वी वजा करत होतं आणि मला पत्ता नाही! तपासनीस काकांना विचारलं तर म्हणाले, हो, नोकरीला लागल्यापासून करतोय. एवढंच. जशी काही भाजी निवडताना काडी काढून टाकली.

पण खरी मेख पुढेच. का-साहेब म्हणाले, स्टँड उलटा झाला म्हणजे जायरोचं तोंडही उलटं झालं, त्यामुळे त्याला पृथ्वीसुद्धा उलटी फिरताना दिसते. जे आधी वजा करायचं ते आता मिळवायचं. काका वजाच करत बसले, म्हणून चांगला माल नापास. मला समजावं म्हणून त्यांनी काचेचं एक घड्याळ आणलं, मागून आरपार दिसणारं. म्हणाले, पुढून बघा, काटे असे फिरतात, आता मागून बघा, तसे. म्हटलं साहेब, घड्याळ मागून बघतो कोण? तर मोठ्या बाई मागूनच म्हणाल्या, तुम्ही, आणि म्हणून रोज उशिरा येता.

का-साहेबांनी मिळवून बघितलं. सगळा माल पास. माझाही. आता तुम्ही म्हणाल संपलं. कसलं संपतंय! तपासनीस काका अडून बसलेत. म्हणतात, मी निवृत्तीला आलो, माझ्या हातून पृथ्वी मिळवली जाणार नाही, वरच्यांचा हुकूम आणा. स्टँड परत फिरवावा तर सिमेंट फोडावं लागेल, आणि ती धूळ पुढच्या पिढीपर्यंत खाली बसायची नाही. मोठ्या बाईंना तर टेबलं जुन्या जागीच हवीत, कारण आता उजेडात त्यांना आमच्या टोप्यांतून झोप दिसते आणि आम्हाला त्यांची. मी का-साहेबांना म्हटलं, तुम्हीच सांगा ना वरच्यांना. तर म्हणाले, मी सांगितलं की ती माझी सुधारणा होईल, तुमची राहणार नाही, आणि मोठ्या बाई तुम्हाला पॅकिंगला घालतीलच. येत्या गुरुवारी वरचे साहेब येणार. त्यांच्यासमोर उभं राहून, पृथ्वी आधी वजा आणि आता अधिक का, हे मी सांगायचं. मी! रात्रंदिवस तेच डोक्यात. काल चहा करताना यांना म्हटलं, तुमचा कप तिकडून बघितला तर कान डावीकडे, इकडून बघितला तर उजवीकडे, मग कप फिरला की मी? हे म्हणाले, चहा दे.

असो. पत्र लांबलं. जाऊबाईंच्या गुडघ्याला माझा नमस्कार सांगा, तो तर त्यांच्यापुढेही वाकत नाही. मुलांना आशीर्वाद कळवा आणि फोन उचलत जा म्हणावं.

तुमची भावजय

ता. क. पत्र उगीच लिहिलं नाही हे तुम्ही ओळखलंच असेल. गुरुवारी मदतीला एक माणूस आणलेला चालतो, असं का-साहेब म्हणाले. मी सांगून टाकलंय की माझे थोरले दीर आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवत होते, पृथ्वी त्यांना तोंडपाठ आहे. फाटकावरचा तुमचा पास तयार आहे. सकाळच्या गाडीनं निघा. अंगाला पावडर लावू नका, आणि खोकला आला तर सरळ बाहेर पळा, पृथ्वीचं वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल.

ता. क. २. पाकीट चिकटवत होते तर तुमचे बंधू पाठीमागून वाचून हसत सुटले. म्हणतात, दादा भूगोल कुठे शिकवत होता, तो कवायतीचा मास्तर! आणि तुमच्या कपाटावरचा तो पृथ्वीचा गोल रस्सीखेचीत मिळालेला! लग्न होऊन एवढी वर्षं झाली, हे मला आत्ता सांगतात. पण पास आता बदलून मिळत नाही, तेव्हा या. ‘मागे फिर’ म्हटलं की उजवीकडची भिंत डावीकडे येते, एवढं तर तुम्ही शाळाभर पोरांना शिकवलंत ना? तेवढंच सांगायचंय. शिट्टी घेऊन या, तपासनीस काकांसाठी लागेल.