जास्वंदीचं तेल

हडपसर, पुणे २८
३ नोव्हेंबर २०२५

चि. कल्याणीस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन उचलायचं सोडलंय, कारण फोनमध्ये तू कमी आणि तुमच्या वृद्धाश्रमातल्या इतोबाईच जास्त दिसतात. त्या रविवारी त्यांचं डोकं चकचकत होतं. विचारलं, तर कौतुकाने सांगितलंस, की आई, तू पाठवलेलं जास्वंदीचं तेल लावलंय. अगं, दोन दिवस गॅसपुढे उभं राहून ते मी तुझ्यासाठी कढवलं होतं! जपानात म्हाताऱ्यांना सांभाळायला माणसं उरली नाहीत, हे तू मला तीनदा समजावलंस. इथे तरी कुठे ढीग पडलाय? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझ्यापाशी नेपाळची निशा आहे, पोटची मुलगी नाही.

मला हेवा वाटतो, झालं. मार्चमध्ये तुझा तिथल्या नोकरीचा करार संपतो. येणार की नाही, एवढंच कळव. इतोबाईंना नमस्कार सांगायची गरज नाही.

तुझी आई,
शालन

तोयामा
२० नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
कल्याणीचा सप्रेम जयभीम.

रागातसुद्धा तुझं अक्षर ऑफिसात नोकरीला होतीस तेव्हासारखंच वळणदार! इतो आजी एक्याण्णव वर्षांच्या आहेत. मुलगा टोकियोला, वर्षातून एकदा येतो. मुलंच नाहीत म्हणून इथली शाळा बंद पडली, त्याच इमारतीत आमचा आश्रम आहे. तेल लावताना त्या डोळे मिटतात, अगदी तुझ्यासारखे. म्हणून लावते गं. तुझं डोकं इथून माझ्या हाताला लागत नाही ना.

करार दोन वर्षं वाढवायचा का, विचारतायत. तू नको म्हणालीस तर सही करणार नाही.

लोभ आहेच, रुसवा गेल्यावर थोडा वाढव.
तुझी,
कल्याणी

हडपसर, पुणे २८
८ डिसेंबर २०२५

चि. कल्याणीस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

'नको' असं लिहून पाकीटसुद्धा काढलं होतं. निशा माझे गुडघे चोळत होती, तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. निशाने हौसेने मला दाखवलं. ती बाई आधी माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिली, मग मोहरीच्या तेलाच्या बाटलीकडे. काय म्हणाली, तर निशा सांगेना. फार खोदून विचारल्यावर कळलं. ते तेल तिने लेकीला थंडीत अंगाला लावायला पाठवलं होतं, आणि दोन महिने ते माझ्या गुडघ्यांत जिरतंय. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निशाला महिनाभर घरी पाठवतेय, वॉकर धरून मी चालते आता. तिच्या आईसाठी जास्वंदीचं तेल दिलंय. सहीचं तुझं तू ठरव, 'नको' मी खोडलंय. हेवा मात्र गेलेला नाही, उगीच खोटं कशाला लिहू?

रविवारी फोन कर. इतोबाईंनाही समोर बसव आणि त्यांना तेल लाव. मिटलेले डोळे मला एकदा बघायचेत.

आहे तो लोभ तसाच राहू दे.
तुझी आई