नावाड्याला म्हणायचं होतं ते

आई, मी भेडाघाटला आले आहे, आणि या वेळी पाहुण्यांना फिरवायला नाही. इथे लेखकांचं एक शिबिर आहे, देशोदेशीचे लोक आले आहेत. सकाळी कार्यशाळा, दुपारी बसमधून जबलपूर बघणं, संध्याकाळी आपापल्या खोलीबाहेर बसून लिहिणं. तुझ्या नातीने मला न विचारताच माझं नाव पाठवून दिलं. "मम्मी, तुम जाओ, घर हम देख लेंगे," म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. तू असतीस तर तिला मराठीत बोलेपर्यंत जेवायला वाढलं नसतंस. तर मी आले. जबलपुरातल्या आपल्या अधारतालहून निघून इतक्या जवळ आलेली मी, परदेशातून आल्यासारखी गळ्यात नावाचं कार्ड अडकवून हिंडते आहे. सकाळी इतकं धुकं असतं की नर्मदा दिसत नाही, नुसती ऐकू येते. चहाचे कप घेऊन सगळे अर्धवट झोपेत चालत असतात, कोणाशी कोण बोलतंय ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही. इथे आल्यापासून मलाही नीट जाग आल्यासारखं वाटलेलं नाही.

शिकवणाऱ्या बाई आयर्लंडच्या आहेत. पांढरे केस, पायात जाड लोकरीचे मोजे, बोलणं अगदी सावकाश. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, तुमच्या घरातल्या गेलेल्या माणसाचं एक वाक्य लिहा, जसंच्या तसं, त्याच्या तोंडचं. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि लिहायला लागले. मी पेन धरून बसले. आई, मला तुझं एकसुद्धा वाक्य आठवेना. कणकेने भरलेला तुझा हात आठवला. फॅक्टरीचा भोंगा वाजला की बाबा सायकलवरून येईपर्यंत पोळ्या व्हायच्या, म्हणून तू तवा चढवायचीस, ते आठवलं. तू वळून माझ्याकडे बघतेस, तोंड उघडतेस, आणि आवाज नाही. मी फार घाबरले. तू गेल्यापासून मराठी बोलायला घरात कोणी राहिलंच नाही, पण तुझा आवाज कुठेतरी आत नीट ठेवलेला असणार असं मी धरून चालले होते. बाकीच्यांसारखं काहीतरी रचून लिहावं, तर तेही जमेना. ऑफिसात माझं काम इंग्रजी कागदांचं हिंदी करण्याचं. इतकी वर्षं एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिलेला नाही. कोरा कागद घेऊन मी उठले. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने सगळ्यांसमोर वाचायचं आहे, असं बाई म्हणाल्या.

दुपारी बसमधून आम्हाला साहित्यिक जबलपूर दाखवलं. एका मोठ्या लेखकाचं घर, जिथे आता मोबाइलचं दुकान आहे; एक जुनं वाचनालय; कवींची बैठक भरायची ती चहाची टपरी. लोक फोटो काढत होते. अधारतालच्या रस्त्यावरून बस गेली तेव्हा वाटाड्या माइक बंद करून पाणी पीत बसला, कारण तिथे दाखवण्यासारखं काही नव्हतं. मी काचेला नाक लावून आपली गल्ली बघितली. क्षणभर वाटलं, तू पिशवी घेऊन दुकानासमोर उभी आहेस आणि भाजीवाल्या भैयाशी हुज्जत घालते आहेस. तिथेही तुझे ओठ हलत होते, शब्द मात्र येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि आम्हाला नावेत बसवलं. तू असतीस तर आधी पाण्याला हात लावून कपाळाला लावला असतास, म्हणून मी लावला. संगमरवराचे कडे दोन्ही बाजूंनी वर जातात, मधे ते हिरवं, न हलणारं पाणी. वल्ह्याचा आवाज कड्यावर जाऊन परत येतो. नावाडी त्याच्या नेहमीच्या चालीत यमकं जुळवून सांगत होता: "इधर गोरा पत्थर, उधर काला, बीच में मैया का उजाला." मी इथलीच, शिवाय अनुवाद करणारी, म्हणून सगळ्यांना इंग्रजीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला मी शब्दाला शब्द लावत होते. मग ऊन डोळ्यांवर यायला लागलं, नाव झुलत होती, आणि एका पांढऱ्या उभ्या खडकाकडे बोट दाखवून बाईंनी विचारलं, याबद्दल तो काय म्हणतो? मी म्हणाले, तो म्हणतो की ही घरची सून आहे, सगळ्यांना वाढून झालं आणि आता उन्हात उभी आहे, कोणी तिला बस म्हणत नाही. सगळे त्या खडकाकडे बघायला लागले. नावाड्याला रोजच्या पर्यटकांमुळे इंग्रजी कळत होतं. वल्हं थांबवून तो म्हणाला, "दीदी, हम तो ये बोले ही नहीं."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काहून? तुले म्हणाचंच होतं. राहून गेलं."

आई, तो तुझाच आवाज होता. मी तोंडावर हात ठेवला. तुझं वाक्य, अख्खं, तुझ्या वऱ्हाडी ठसक्यासकट. नावाड्याला काही कळलं नाही, तो हसून पुन्हा वल्हवायला लागला, आणि मी त्याच नावेत लहान होऊन बसले आहे. वर्ध्याहून आत्या आलेली आहे. आपल्याकडे कोणीही आलं की दुसऱ्या दिवशी भेडाघाट ठरलेलंच. आत्याला सिनेमातली हिंदी कळते, पण नावाड्याची बुंदेली आणि त्याची घाई तिच्या डोक्यावरून जाते. "काय म्हणून राहिला व तो?" ती तुला विचारते. तू मराठीत सांगतेस, आणि सांगता सांगता त्याच्या तोंडी वाट्टेल ते घालतेस. आल्यापासून आत्याने तुझ्या भाजीला, चहाला, माझ्या वेण्यांना नावं ठेवलेली असतात आणि तू मान वर केलेली नसते. त्या पांढऱ्या खडकापाशी तू म्हणतेस, "ताई, तो म्हणून राहिला, हे घरची सून होय. साऱ्यायले वाढून झालं, आता उन्हात उभी हाय, कोणी बस म्हणत नाही." बाबा पुढच्या फळीवरून वळतात. "तो असं काही बोललाच नाही." तू पाण्याकडे बघत म्हणतेस, "काहून? त्याले म्हणाचंच होतं. राहून गेलं." आत्या त्या खडकाकडे बघते. मग एकटीच्या डोक्यावर धरलेली काळी छत्री तुझ्या बाजूला कलती करते आणि म्हणते, "सरक इकडं."

हेच मी लिहिलं, आणि आज सगळ्यांसमोर वाचलं, आधी मराठीत, मग इंग्रजीत. मराठी वाचताना कोणाला एक अक्षर कळत नव्हतं, पण बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मला रडू आलं, आणि मी ते थांबवलं नाही. नंतर त्यांनी सांगितलं की ज्यांचं ते वाक्य, त्यांना रात्रीपर्यंत एक पत्र लिहा आणि उद्या निघताना नदीत सोडून द्या. बाकीचे सोडतील. मी सोडणार नाही. मैयात कागद टाकलेला तुला चालला नसता, घाटावर सगळ्यांदेखत मला बोलली असतीस. हे पत्र पर्समध्ये घडी करून अधारतालला परत नेईन.

फक्त एक सांगायचं राहिलं. कडे जवळ येतात आणि पुढची वाटच बंद झाली असं वाटतं, तिथे मी तुझा हात घट्ट धरला होता. तू मला म्हणालीस, "भेऊ नको. वळाचं कुठं, ते मैयाले ठाऊक हाय. आपण बसून राहाचं." शेवटी मी हेही वाचलं, आणि नंतर सगळे याच वाक्याबद्दल बोलत होते. बाईंनी ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. आई, तू असं काही म्हणाली नव्हतीस. त्या जागी तू आत्याने आणलेलं संत्रं सोलत होतीस, आणि एक फोड माझ्या हातावर ठेवून गप्प बसली होतीस. ते वाक्य माझं आहे. पण तुले म्हणाचंच होतं. राहून गेलं.