उरलेलं संपवणारी आज घरी नाही

अहो,

मी बिबवेवाडीला ताईकडे चालले आहे. उद्या सकाळी येईन.

वजन दोन किलो वाढलं म्हणून काल माझं गुडघ्याचं ऑपरेशन पुढे गेलं, आणि तुम्ही डॉक्टरांसमोर हसत म्हणालात, "दिवसभर डाएट करते हो, पण संध्याकाळी हिचा जिभेवर ताबा राहत नाही."

माझी अर्धी भाकरी आणि वाटीभर वरण सात वाजताच संपतं. साडेआठला तुम्ही आणि चिरंजीव राजस जेवता. मग तुम्ही पातेल्यात डोकावून म्हणता, "एवढ्याशा भातासाठी फ्रीज कशाला अडवायचा? संपवून टाक." राजस अर्धी पोळी ताटात टाकून उठतो. ते सगळं मी खाते, ओट्याशी उभी राहून. अन्न टाकायचं नाही, हे तुमच्या आईंनी मला शिकवलं. तुम्हाला शिकवायचं राहिलं बहुतेक.

भूक मलाही असते, नाही म्हणत नाही. दिवसभर काकडी खाऊन रात्री तूप-भाताला नाही म्हणून दाखवा एकदा.

आज स्वयंपाक रोजच्याइतकाच केला आहे, म्हणजे उरणारच. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, टाकायचंही नाही. दोघांनी ओट्याशी उभं राहून संपवायचं. पोट भरलंय ही सबब सांगू नका. मी सांगायचे, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "दोन घासांनी काय होतंय?"

दोन किलो होतात.

नीरजा